भाऊजींच्या खोलीतला सूर

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलंय, आणि त्यातला सगळ्यात वाईट भाग मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

यात सुनसान रस्ता नाही, वीज गेलेली नाही. रविवारची भर दुपार होती. खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

ताई पहिल्यापासून बडबडी. आम्ही तिला 'टकळी'च म्हणायचो. आणि नवरा मिळाला तो तोंडाला कुलूप लावलेला. भाऊजी दातांच्या कवळ्या बनवतात, घराच्याच मागच्या खोलीत. मेणात एकेक दात बसवताना जरासा धक्काही चालत नाही. म्हणून त्यांचा नियम होता... मेण मऊ असताना कुणी बोलायचं नाही.

मेण दिवसभर मऊच असायचं.

ताई दाराबाहेरून बोलायची. "अहो, चहा गार होतोय."

आतून "हं."

एवढ्यावर संसार झाला तिचा.

मग भाऊजींना घासायच्या मोटरचा आवाज सोसेना. डोकं भणभणायचं. तर ताईनेच शोधून त्यांना ते संगीत लावून दिलं. ध्यानाचं, अंतराळाचं म्हणतात ते. ताल नाही, शब्द नाहीत. एकच खोल सूर... तासन्‌तास घुमणारा. स्पीकरसुद्धा तिनेच आणला. आपल्याच पायावर आपण धोंडा पाडून घेतो, तो असा.

भाऊजी खूश. उठल्यापासून झोपेपर्यंत तोच सूर.

आधी गेला तो फ्रिजचा आवाज.

फ्रिज चालू होता. आत दूध गार होतं. पण घरघर... नव्हती.

मग भिंतीवरचं घड्याळ. काटे फिरत होते. टिकटिक नाही.

मग नळ. धार दिसायची, बादली भरायची... आणि कानावर काही म्हणजे काही पडायचं नाही.

ताईने फोनवर हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. "कान तपासून घे बाई," मी म्हटलं.

"कान ठणठणीत आहेत गं. नळ ऐकू येतो मला." तिने आवाज खाली आणला. "ह्यांच्या खोलीतून येतो... त्या सुरातून."

मी ओरडलेच. "आधी बंद कर ते!"

"हे ऐकतील तर ना! दार लोटलं की हात वर करतात. मेण मऊ आहे म्हणे."

ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

त्या रविवारी मी तिच्या दारात उभी राहिले. बेल दाबली. वाजली नाही. दार ठोठावलं, तेव्हा ताईने उघडलं. मला बघून खुलली आणि बोलायला लागली...

ओठ हलत होते. आवाज नव्हता.

कुजबुजसुद्धा नाही. ती आपली बोलतच होती. मग माझा चेहरा बघून थांबली. हात गळ्याकडे गेला.

मी तिला ओढतच मागच्या खोलीत नेलं.

भाऊजी डोळे मिटून स्पीकरला कान लावून बसले होते. समोरचं मेण कधीच कडक झालेलं, त्यावर धूळ. सूर घुमत होता. आणि त्या सुराच्या तळाशी...

"अहो, चहा गार होतोय."

ताईचा आवाज.

"बाहेर छान वारा सुटलाय. जरा फिरून येऊ या का?"

त्या दाराबाहेर उभं राहून ती आजवर जे जे बोलली होती, ते सगळं. एकामागून एक.

आणि भाऊजी उत्तर देत होते. नुसतं "हं" नाही. "जाऊ या की. तुला कुठे जायचंय, सांग ना."

त्यांच्या मागेच ताई उभी होती.

मी बटणाकडे हात नेला.

"हात लावू नकोस!" भाऊजींचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "ती बोलतेय."

"अहो, ती तुमच्या मागे उभी आहे!"

त्यांनी मान वळवली नाही.

मी ताईला माझ्या घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, गळा अगदी ठीक आहे. तो सूर बंद केला तर आवाज परत येईल... की कायमचा जाईल, कोण सांगणार?

काल मी म्हटलं, "मीच जाऊन बंद करते. होऊन जाऊ दे एकदाचं."

ताईने माझं मनगट घट्ट धरलं. मान हलवली. मग मला ओठांवरून कळावं म्हणून सावकाश म्हणाली...

"ऐकतायत ना ते."

आणि लाजली. एवढं होऊनही लाजली! मला तिचा इतका राग आला की रडू फुटलं.

आज सकाळी ती बॅग भरून परत निघाली. त्या दाराबाहेर जाऊन बसायला. मी जिन्यापर्यंत भांडत गेले, एकटीच. ती न वळता पायऱ्या उतरत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं...

तिच्या चपलांचाही आवाज येत नव्हता.

भाऊजींना मात्र तो ऐकू आला असेल.