गुरुवारची मापं

मेघाच्या कुर्त्याची चेन तुटली ती नेमकी प्रताप नगरच्या चौकात. स्कूटरवर बसताना पाठीशी काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, हात मागे नेला, तर चेन मानेपासून कमरेपर्यंत दुभंगलेली! घड्याळात दहा चाळीस झाले होते. अकरा वाजता धरमपेठेतल्या एका मोठ्या सौंदर्य-क्लिनिकमध्ये मुलाखत. बारा वर्षं शिकून नुकतीच मुंबईहून परतलेली प्लास्टिक सर्जन, वय चौतीस, आणि पाठ उघडी... ओढणी गच्च गुंडाळून ती समोरच्या टेलरच्या दुकानात शिरली.

मशीनवरच्या माणसानं मान वर केली. एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा ओढणीकडे, आणि काही न विचारता पडद्याकडे बोट केलं.

"आत जा मॅडम. कुर्ता वरून द्या. पंधरा मिनटं लागतीन."

"दहात नाही होणार का? मला मुलाखत आहे."

"दहात बी होईन. पण मग पुन्हा तुटन, अन् या टायमाले मुलाखतीतच."

तिला हसू आलं. पडद्यामागे ओढणी पांघरून ती उभी राहिली. मशीन सुरू झाली. कोपऱ्यातल्या खिळ्यावर एक कपडा टांगलेला होता, एकाच बाहीचा, गव्हाळ रंगाचा, ताणला की हातभर आणि सोडला की वीतभर. मेघानं तो लगेच ओळखला. भाजलेल्या माणसाला वर्ष-दीड वर्ष दिवसरात्र घालावा लागणारा घट्ट कपडा. त्याच्या दाबानं व्रण फुगत नाहीत, चामडी आखडत नाही. पण याची शिवण सगळी बाहेरच्या अंगाला होती.

"अहो, ही शिवण उलटी काहून आहे?"

मशीन थांबली.

"उलटी नाही, सुलटीच हाय ते. आतून असली का रुतते. जळलेल्या चामडीले धागा बी टोचते, मॅडम."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गोपिकानं. आमच्या गल्लीत राहते, लग्नाच्या स्वयंपाकावर जाते. कढई कलंडली अन् सारा खांदा पोळला. दवाखान्यातून भेटलेला कपडा घातला का रडे पोरगी. मी म्हटलं, आण इकडं, उसवून पाहतो. चार डाव उसवला, पाचव्या डावात जमला."

मेघा तो कपडा हातात घेऊन उभी राहिली. रुततं म्हणून लोक हे काढून ठेवतात, हे तिच्याहून जास्त कुणाला माहीत असणार? पण शिवण बाहेर घ्यावी, एवढं साधं कुणालाच सुचलं नव्हतं.

"तुम्ही डॉक्टर हाय का?" पडद्यापलीकडून प्रश्न आला.

"प्लास्टिक सर्जन."



"म्हणजे ते... नाकंगिकं सरळ करतात, ते?"

"नाकंगिकं पण."

"मग माझं पाहा न एकदा. लहानपणी सायकलवरून पडलो होतो."

कुर्ता घालून ती बाहेर आली आणि तिनं त्याचं नाक खरंच निरखून पाहिलं, डॉक्टर पाहतात तसं, अगदी जवळून. तो उंच, सावळा माणूस कानापर्यंत लाजला.

"वाकडं आहे," ती म्हणाली, "पण राहू द्या. शोभतं."

त्याचं नाव संघपाल रामटेके. एवढं विचारून ती पळाली.

क्लिनिकमध्ये सगळं चकचकीत होतं. माणसं भली होती, काम चांगलं होतं. "भाजलेल्या रुग्णांचं काम करायला मिळेल का?" तिनं विचारलं. समोरचे डॉक्टर प्रेमानंच हसले. "इथं लोक आनंदात यावेत असं आम्हाला वाटतं, डॉक्टर गजभिये." त्यांचंही खोटं नव्हतं. पण संध्याकाळी तिनं फोन करून नकार कळवला आणि आठवड्याभरात एका ट्रस्टच्या दवाखान्यात, भाजलेल्यांच्या वॉर्डात रुजू झाली.

तिची आई शोभाताई शाळेत मास्तरीण होती. लेकीच्या शिक्षणाचा तिनं सगळ्या नातेवाइकांपुढे एकटीनं किल्ला लढवला होता. "प्लास्टिक सर्जन म्हणजे अंगात प्लास्टिक भरते का वं?" असं विचारणाऱ्यांना ती ठणकावून सांगायची, "आकार देते. बिघडलेल्याले आकार देते." पण या नकारानं तीही गोंधळली. "बारा वर्षं शिकली, अन् शेवटी भाजलेल्यांच्याच वॉर्डात?"

"त्याच वॉर्डासाठी शिकली, आई."

वॉर्डात पहिल्याच आठवड्यात मेघानं रुग्णांचे घट्ट कपडे शिवून द्यायला संघपालला बोलावलं. मग दर गुरुवारी दुपारी तो दुकान चुलतभावावर सोपवून येऊ लागला. गळ्यात टेप, खिशात खडू. मापं घेण्याआधी तो प्रत्येकाला विचारायचा, "कुठं हात लावू नको, ते आधी सांगा." हे वाक्य मेघानं त्याच्याकडून उचललं.

"तुमचे टाके लई बारीक असतात म्हणे," एकदा तो म्हणाला. "सिस्टर सांगून राहिल्या होत्या."

"तुमच्याएवढे नाही."

"माझं सोपं हाय. माझं कापड वरडत नाही."

"माझं पण नाही ओरडत. बेशुद्ध असते."

"हे बरं हाय. आमच्या गिऱ्हाइकाले बेशुद्ध करता आलं असतं, तर दिवाळीत किती बरं झालं असतं!"

ती इतकी हसली, की सिस्टरनं दारातून डोकावून पाहिलं. त्या गुरुवारनंतर बुधवारी केस धुवायचे, हे तिचं कधी ठरलं, तिला कळलं नाही. आणि त्याच्या शर्टाच्या कॉलरला नवी इस्त्री दिसू लागली, तेही तिनं पाहिलं—पण पाहिलं असं दाखवलं नाही.

जानेवारीत एका गुरुवारी अवकाळी पाऊस आला. गारठा असा, की वॉर्डाबाहेरच्या बाकावर दोघं चहाचे कप दोन्ही हातांनी धरून बसले. पन्हाळीतून पाणी पडत होतं. संघपालनं विचारलं, "एक विचारू? हेच काहून घेतलं तुम्ही? दुसरं एवढं सारं होतं."

हा प्रश्न मेघाला मुलाखतींमध्ये खूपदा आला होता आणि तिच्याकडे त्याचं एक पाठ उत्तर होतं. त्या दिवशी ते तोंडात आलं नाही.

"माझी एक आत्या आहे. माया आत्या," ती म्हणाली. "मी आठ वर्षांची होती, तेव्हा तिचा स्टोव्ह भडकला. ती वाचली... पण मान आखडली. हनुवटी अशी छातीला चिकटली. ती मला वेणी घालायची, पण आरशात दोघींचे चेहरे दिसत नव्हते, माझा एकटीचाच दिसायचा. मग एका म्हाताऱ्या सर्जननं तिची मान सोडवली. मी आईसोबत भेटायला गेली, तर आत्या वर बघत होती. नुसती वर. आणि मला म्हणाली, 'मेघे, पंख्यावर केवढी धूळ हाय वं!'" मेघा हसली, आणि हसताना तिचे डोळे भरले. "त्या दिवशी मी ठरवलं. मला त्या डॉक्टरचं नावसुद्धा माहीत नव्हतं."

"अन् आता कशी हाय आत्या?"



"पुन्हा आखडली. वर्षभर गळपट्टा घालायला सांगितला होता. तो रुतायचा. तिनं काढून पेटीत ठेवला. पहिल्याइतकी नाही, पण वर बघता येत नाही. उमरेडला असते."

"तुम्ही कधी म्हटलं नाही तिले, का मी करतो ऑपरेशन?"

"नाही."

"काहून?"

कपाच्या कडेवरून बोट फिरवत ती म्हणाली, "भीती वाटते. दुसऱ्याच्या मानेवर माझा हात कापत नाही. तिच्या मानेवर कापला तर?"

संघपालनं समजूत घातली नाही. रिकामा कप बाजूला ठेवून तो म्हणाला, "ऑपरेशन तुमचं. पण गळपट्टा रुतणार नाही, हे माझ्याकडं लागलं. निदान तेवढी भीती कमी करा."

त्याच रविवारी मेघा उमरेडला गेली. माया आत्यानं सगळं खालच्या नजरेनं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "तू मोठी होयाचीच वाट पाहत होती मी. मोठी झाल्यावर तूच आली नाही वं."

फेब्रुवारीत आत्या दवाखान्यात दाखल झाली. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, गुरुवारीच, संघपाल मापं घ्यायला आला. खांद्याची, छातीची मापं आधी घेऊन ठेवायची होती, गळ्याची जखम भरल्यावर. खोलीत शोभाताई होती, उमरेडहून आलेले दोन काका होते. संघपाल आत्यासमोर वाकला, "कुठं हात लावू नको, आधी सांगा आत्या," म्हणाला.

आत्याला त्याचं तोंड दिसत नव्हतं. "हा कोण वं मेघे? आवाज चांगला हाय."

सगळे मेघाकडे पाहू लागले. आईची नजर जरा जास्तच रोखलेली. मेघाला गाल तापल्यासारखे वाटले... आणि ती घाईघाईनं बोलून गेली, "कोणी नाही आत्या. टेलर आहे."

संघपालनं मापं पूर्ण घेतली. वहीत नीट लिहिली. "येतो मॅडम," म्हणाला आणि गेला. तो नेहमीच 'मॅडम' म्हणायचा, पण त्या दिवशीचं 'मॅडम' तिला वेगळं ऐकू आलं.

ऑपरेशन चार तास चाललं. हनुवटी खाली ओढलेली, त्यामुळे भूल देण्यासाठी श्वासाची नळी घालणंच अवघड गेलं. मग मेघानं आखडलेली चामडी सोडवली, मांडीवरची पातळ त्वचा घेऊन तिथं बसवली, एकेक टाका घातला. हात कापला नाही. बाहेर आल्यावर हे सांगायला तिनं आधी फोन काढला, संघपालचं नाव शोधलं—आणि फोन परत खिशात ठेवला.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वॉर्डातल्यांचे कपडे शिवून आले, गोपिका घेऊन आली, नावाच्या चिठ्ठ्या लावून. मेघासाठी चिठ्ठी नव्हती.

चौदाव्या दिवशी पट्टी बदलताना आत्या एकदम म्हणाली, "तो पोरगा नाही आला वं?"

"कोण?"

"टेलर." आत्यानं तो शब्द मुद्दाम सावकाश उच्चारला. "त्या दिवशी मले त्याचं तोंड नाही दिसलं. मान खाली असली का मान्साचे हातच दिसते. वीस वर्षं मी हातच पाहून राहिली. त्याचे हात पहिले छान चालत होते. तू बोलली, अन् टेप थरथराले लागला." ती थांबली. "कोणी नाही म्हणतात, त्याले एवढं लागते का?"

मेघानं पट्टी पूर्ण केली. हात धुतले. घरी आईला फोन लावला आणि उभ्या उभ्या जे सांगायचं ते सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिवशी तू खोटं बोलून राहिली, हे मले तवाच समजलं होतं. बाकीचं मले विचार करू दे."

दुपारची साडेबाराची वेळ. संघपालच्या दुकानात एक बाई ब्लाऊजचं कापड घेऊन उभी होती. मेघा दारातच थांबली.

"बोला मॅडम," तो मशीनवरून न उठता म्हणाला.

"मी चुकीचं बोलली."

"चुकीचं काय त्यात? टेलर तर मी हावोच. मले त्याची लाज नाही."

"मला माहीत आहे. लाज मला वाटली. टेलरची नाही... माझीच. सगळे बघत होते, आणि माझ्या तोंडावर सगळं दिसत असेल असं वाटलं."

"काय दिसत असन?"

ब्लाऊजवाल्या बाईनं कापड घडी करायचं थांबवलं.

मेघानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "हेच, की मी आठवडाभर गुरुवारची वाट बघते. तू नाही आला, तर मला वॉर्डात करमत नाही. ऑपरेशन चांगलं झालं, ते सगळ्यात आधी तुला सांगायचं होतं, आणि कोणत्या तोंडानं सांगू, ते कळलं नाही." "आईला सांगून आली आहे. म्हणजे... तुझं काय आहे, ते मला माहीत नाही. पण माझं हे आहे."

संघपाल उठला. टेप काढून मशीनवर ठेवला, परत उचलला, परत ठेवला.

"तुमचं शिक्षण बारा वर्षाचं," तो हळूच म्हणाला. "माझं बारावीपर्यंतचं. हे उद्या तुम्हाले रुतन."

"रुतलं तर सांगीन. तूही सांग. उसवून पाहू."

तो हसला नाही. नुसता बघत राहिला.

"मेघा," तो म्हणाला. पहिल्यांदाच. मग पुन्हा तेवढंच, "मेघा..."

"भाऊ, माझा ब्लाऊज उद्या झाला तरी चालन," बाई म्हणाली आणि पिशवी सावरत निघून गेली.

दोघं दवाखान्यात पोचले, तेव्हा आत्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. मानेभोवती पांढरी पट्टी, चेहरा समोर. संघपाल खाटेजवळ येऊन उभा राहिला. आत्याची नजर त्याच्या हातांवरून निघाली, शर्टाच्या गुंड्यांवरून चढत गेली, कॉलरपाशी अडखळली... आणखी वर गेली. टाके ओढत असावेत, तिनं ओठ आवळले, पण नजर खाली आणली नाही.

तिला त्रास नको म्हणून संघपालनं घाईनं स्टूल ओढलं आणि बसायला वाकला.

"बसू नको गा," आत्या म्हणाली. "उभाच राय. मले वर पाहू दे."