बोल्टवरची रेघ

सायकल शर्यतीच्या तिसऱ्या दिवशी संघाचा मुक्काम तिच्या गावाजवळ पडला, म्हणून ती बाबांना भेटायला गेली. हॉटेलच्या मागे ट्रक उभा होता. दिवसाची दौड संपली होती आणि बाबा आठांपैकी पहिली सायकल पुसत होते.

संघाचे मेकॅनिक म्हणून त्यांचं हे तिसावं वर्ष. पद्धत एकच. रोज जुनी खूण पुसायची, प्रत्येक बोल्ट नव्याने आवळायचा आणि वर नेलपॉलिशची रेघ ओढायची. अर्धी बोल्टवर, अर्धी सांगाड्यावर. बोल्ट फिरला की रेघ तुटते.

"वाळली गं ही," ते म्हणाले. लाल बाटली कचऱ्यात गेली. तिने पर्समधली आपली काढून दिली. जांभळी.

"आता पोरं चिडवणार मला. सायकली नटून निघाल्या म्हणून."

मग चहा आला. कप उचलताना त्यांचा हात थरथरला, बशीत चहा सांडला. तिने ते पाहिलं. तिने पाहिलेलं त्यांनीही पाहिलं.

"कप धरला की कापतो. पाना धरला की नाही कापत. खरं की नाही?"

"डॉक्टरांना दाखवू एकदा," ती म्हणाली आणि फोन चाळत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरचा फोन आला. शर्यतीच्या वाटेवरच्या पहिल्या उताराच्या दुसऱ्या वळणावर बाबा मृतावस्थेत सापडले होते. कप्तानाची सायकल ते रोज पहाटे स्वतः त्या दिवसाच्या पहिल्या उतारावर चालवून तपासत.

त्या दिवसाची दौड रद्द झाली. ट्रकमध्ये सात सायकली टांगलेल्या तशाच होत्या. आठवी जमिनीवर आडवी. तिचं हँडल चाकाला सोडून भलतीकडे वळलेलं.

"बोल्ट ढिला होता, ताई," मॅनेजर म्हणाला. "आणि त्यावर रेघ आहे, ही बघा, लाल. म्हणजे आवळला असं त्यांना वाटलं. हात स्थिर राहिला नव्हता त्यांचा."

"कोणी म्हटलं?"

"सगळ्यांनाच दिसत होतं. तुम्हाला नव्हतं दिसलं?"

ती त्या लाल रेघेकडे बघत राहिली.

"अहवालात 'मेकॅनिकची चूक' असंच जाईल. हात थरथरत होते, एवढ्यावर तुमची सही लागेल."

तिने पेन घेतलं. खरं तर तिलाही तसंच वाटत होतं. कागद टेकवायला काही हवं म्हणून ती टांगलेल्या सायकलींकडे वळली आणि थांबली. एकेका सायकलीवरून बोट फिरवत ती सातवीपर्यंत गेली. मग तिने पेन परत दिलं.

संघाला मालिश करणाऱ्या बाई हॉटेलच्या जिन्यात बसून रडत होत्या. त्यांची नखं लाल होती.

"बाई, तुमचं नेलपॉलिश काल कोणी मागितलं होतं?"

"कप्तानाने. जेवणाच्या आधी. मी म्हटलं, काय रे, मुलगी बघायला येणार आहे की काय? हसला नाही."

"त्याला काही दुखतंय?"

बाईंनी जिन्यात वर-खाली पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "कंबर. दोन दिवस वाकता येत नाहीये. मॅनेजरला सांगू नका, शर्यतीतून काढतील त्याला."

तिने मॅनेजर, बाई आणि कप्तान, तिघांनाही ट्रकपाशी बोलावलं.

"काल संध्याकाळी बाबांनी आठही सायकली आवळल्या," ती म्हणाली. "लाल बाटली त्याआधीच संपली होती. मीच माझी दिली. बघा, या सातांवर जांभळी रेघ आहे. जुनी खूण ते पुसल्याशिवाय राहत नसत. मग आठवीवर लाल कुठून आली? आणि हिचं हँडल बोटभर वर आहे. कंबर दुखणाऱ्याला हँडल वर हवं असतं."

कप्तान जमिनीकडे बघत होता.

"बाबा जेवायला गेल्यावर तू बोल्ट सोडलास. हँडल वर घेतलंस. घाईत आवळलंस. ट्रकच्या पिवळ्या दिव्यात जांभळं काय नि लाल काय. वर्षानुवर्षं लालच पाहिलेली, म्हणून तुटलेली रेघ पुसून तू लाल ओढलीस. पहाटे अंधुक होतं. बाबांनी रेघ चाचपली, अख्खी लागली. त्यांनी रेघेवर विश्वास ठेवला."

"घट्ट वाटला होता, ताई," कप्तानाचा आवाज फुटला. "आईशप्पथ. मीच बसणार होतो ना तिच्यावर."

"माहीत आहे. ते तू मुद्दाम केलं नाहीस. पण सकाळपासून सगळे त्यांच्या हाताला दोष देत होते, आणि तू ऐकत होतास."

"काकांनी मला सायकल शिकवली," तो म्हणाला आणि खाली बसला. ओंजळीत तोंड लपवून रडला.

मॅनेजरने अहवालाचा कागद फाडला. बाई कप्तानाजवळ जाऊन बसल्या. त्याला रागावावं असं तिला वाटलं, पण जमलं नाही. गप्प तर तीही बसली होती.

इस्पितळात बाबांना शेवटच्या खोलीत ठेवलं होतं. चादरीबाहेर उजवा हात होता. अंगठ्याच्या नखाशी जांभळा ठिपका वाळलेला. तिने तो हात दोन्ही हातांत धरला. तो आता अजिबात थरथरत नव्हता.

"खरं आहे, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "पाना धरला की नाही कापत."