विनोदिनीचं प्रस्थान

ए.बी. रोडवरच्या त्या तिकीटवाल्या चिरागचं तोंड आठवलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी नीलकंठ. देवासच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. भुताखेतांवर माझा कणभर विश्वास नाही, त्यामुळे घडलं तसंच सांगतो.

आमच्या अनन्याचं पहिलं बाळंतपण, तेही कॅनडात. तिथे करणारं कुणी नाही. विनोदिनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, डिंकाचे लाडू करून बॅग भरली. हव्या त्या तारखेला सरळ तिकीट मिळेना, तेव्हा चिरागनं दोन वेगवेगळी तिकिटं जोडून दिली. मुंबईहून युरोप, तिथून दुसऱ्याच कंपनीच्या विमानानं पुढे.

"मधल्या देशाचा व्हिसा?" मी विचारलं.

"काका, टेंशन मत लो. काकूंना एअरपोर्टच्या बाहेर जायचंच नाहीये."

बॅग कोण उचलणार, हे मी विचारलं नाही. गणिताचा मास्तर म्हणे.

निघायच्या दिवशी अमावास्या होती. म्हणून विनोदिनीनं आदल्या दिवशी मुहूर्तावर आपल्या मोरपिशी पातळात सुपारी, हळकुंड, अक्षता बांधल्या आणि ते गाठोडं शेजारी जगदेवरावांकडे नेऊन ठेवलं. आमच्यात याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. गाठोडं निघालं की माणूस निघालं असं धरायचं. मी हसलो. जाताना तिनं ते बॅगेत सगळ्यात वर ठेवलं.

पहिलं तिकीट युरोपातच संपत होतं, त्यामुळे बॅग तिथेच उतरली, पासपोर्ट तपासणीच्या पलीकडे. ती उचलून दुसऱ्या कंपनीकडे द्यायची तर त्या देशात शिरावं लागणार, आणि शिरायला व्हिसा नाही. विनोदिनीला एक दिवस खुर्चीवर बसवून ठेवलं आणि परत पाठवलं. बॅग तिकडेच राहिली.

परत आली ती बोलेचना. जेवायची, पोळ्या लाटायची, विचारलं की मान हलवायची. बिचारीनं धसका घेतलाय, असं मी धरून चाललो. अनन्या दवाखान्यात, जावयाचा फोन लागत नव्हता. सगळा राग घेऊन मी चिरागच्या दुकानात गेलो.

"ओ भिया, बॅग कुठाय?"

त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"बॅग तर पोचली काका. काकूपण पोचल्या. दुसऱ्या विमानात बसल्याचं दिसतंय इथे."

"मूर्खा, ती घरी पोळ्या लाटतेय."

त्यानं बॅग ताब्यात घेतल्याची पावती दाखवली. खाली मराठीत सही होती. 'विनोदिनी'मधल्या शेवटच्या नीची वेलांटी तिच्या सवयीनं लांब ओढलेली. मी इतका ओरडलो की शेजारचा पोहेवाला धावत आला. चिरागनं माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. त्याचाच मला जास्त राग आला.

संध्याकाळी घरी अनन्याचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, मुलगी झाली. आई अगदी वेळेवर पोचली हो."

तिनं फोन फिरवला. पलीकडे जमिनीवर विनोदिनी पाय पसरून बसली होती. पायांवर बाळ. ती त्याला तेल लावत होती. अंगावर मोरपिशी पातळ, सुटलेल्या गाठींच्या चुण्या पदरावर तशाच.

आत स्वयंपाकघरात भांडं वाजलं.

"अनन्या, बाळ घे तिच्याकडून. आत्ताच्या आत्ता घे."

"चिडू नका ना बाबा. तुम्ही असंच म्हणाल, हे आईनं मला कालच सांगितलंय."

माझा आवाज चढला होता. रागानं, असं मी तेव्हा धरलं.

मी विनोदिनीला हाक मारली. म्हटलं, "ये, बोल तुझ्या लेकीशी. तू इथे आहेस ते सांग तिला."

ती पदराला हात पुसत आली. फोन घेतला. बाळाकडे पाहिलं. अनन्याकडे पाहिलं, बराच वेळ.

मग परत आल्यापासून पहिल्यांदा बोलली. दारात आलेल्या अनोळखी बाईशी बोलावं तशी, अदबीनं.

"गोड आहे हो बाळ तुमचं. आणि तुमच्या आई किती मायेनं करतायत."