तिसरा विरोधक

शपथेवर सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर माझ्या कॉफीत मीठ पडो.

स्वीडनमधल्या उप्सालात बर्फ वितळून नुसता चिखल झाला होता. तेक्ला रूसवाल विद्यापीठात शिरली ती एका हातात प्रबंध आणि दुसऱ्या हातात हातोडा घेऊन. प्रबंधावरच्या जाहीर वादाच्या तीन आठवडे आधी प्रबंध भिंतीवर ठोकायचा, ही रीतच आहे.

"जरा खिळा धरता का?" तिनं समोरच्या उंच माणसाला विचारलं.

त्यानं धरला. तिनं हाणला... नेमका त्याच्या अंगठ्यावर.

"मी मास्तर तूरे," तो अंगठा चोखत म्हणाला. "बाईसाहेबांनी भिंतीवर काय ठोकलंय, कळेल का?"

"दोनशे वर्षं लोक एका पाद्र्याच्या कविता गातात. त्या त्याच्या स्वयंपाकिणीच्या आहेत. तिच्या पाककृतींच्या वहीतलं अक्षर आणि कवितांचं अक्षर एकच."

"मग मला तिसरा विरोधक करा. पहिले दोघं फाडतात, तिसऱ्यानं फक्त हसवायचं असतं. अंगठ्याचा सूडही उगवेन."

वही नीट वाचायला हवी, या सबबीवर तो रोज कॉफीला येऊ लागला.

"मास्तर आणखी कॉफी घेतील?"

"मास्तरांना बाईसाहेब हव्यात... म्हणजे, बाईसाहेबांनी ओतलेली हवी."

नाव तूरे, पण अरे-तुरे करायची सोय नाही. तेव्हा आमच्याकडे बाईनं आधी 'तू' म्हटल्याशिवाय पुरुषानं म्हणायचं नसे. आणि तेक्लाच्या ओठांवर आलेलं 'तू' ती रोज बनबरोबर गिळायची. वाद हरली तर विद्यापीठात मिळू पाहणारी शिकवण्याची जागा गेली. मग दूर उत्तरेतल्या शाळेत पोरांना शुद्धलेखन शिकवत बसायचं. उगाच कशाला जीव लावा?

वादाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पहिला विरोधक, म्हातारे प्राध्यापक, चष्मा पुसत म्हणाले, "अक्षर तिचंच असेल. पण पाद्र्यानं सांगितलं, तिनं उतरवलं, असं का नसावं?"

तेक्ला प्रबंधाची पानं उलटू लागली. दुसऱ्यानंही तेच उगाळलं.

मग तूरे उठला. अंगठ्याला हे भलंमोठं फडकं. वही उघडून त्यानं दुधाच्या पेजेची कृती कीर्तनाच्या सुरात म्हणायला घेतली—

"दूध घाल, पीठ घाल, ढवळ ढवळ हळू..."

सभागृह खदखदून हसलं. तेक्ला मात्र ताडकन उभी राहिली.

"मास्तर, पुन्हा म्हणा. हळू."

तो म्हणू लागला. ती मेजावर बोटानं ठेका धरत, त्याच्याच सुरात पाद्र्याची कविता म्हणू लागली—

"रात्र सरो, दीप जळो, नको नको रडू..."

दोन्ही आवाज एकाच मात्रेवर थांबले. हसू विरलं.

"पेज काही पाद्र्यानं सांगितली नसेल," तेक्ला म्हणाली. "या स्वयंपाकिणीला साधी पेजसुद्धा छंदाशिवाय ढवळता येत नव्हती."

प्राध्यापकांनी चष्मा काढला. "माझी शंका मी मागे घेतो," ते म्हणाले. जागा तिला मिळाली. पुढे तीस वर्षं तिनं अशा विसरलेल्या बायका वह्यांमधून शोधून काढल्या.

त्या संध्याकाळी नदीकाठी तूरे तिच्याबरोबर चालत होता.

"बाईसाहेब आता डॉक्टर झाल्या... मास्तरांनी काय म्हणावं?"

तिनं त्याचा फडक्यातला अंगठा हळूच हातात घेतला.

"दुखतो का रे... तुला?"

तो इतका लाल झाला, की सांगून सोय नाही. "तू म्हणालीस," तो पुटपुटला. "आता तू नेशील तिथं."

सगळं खरं बरं का. फक्त त्याचं नाव तूरे नव्हतं, येरार्ड होतं. पण अरे-तुरेच्या गोष्टीत येरार्ड कुठं बसवू?