वॉल्टरची बहात्तर मिनिटं

टायर पंक्चर झाला नसता, तर मी त्या म्युझियममध्ये पाऊलही टाकलं नसतं. मिशिगनमधल्या नोव्हायपासून अर्ध्या तासावर, हायवेच्या कडेला, जुन्या लढाऊ विमानांचं एवढंसं म्युझियम. बाहेर नोव्हेंबरचा बर्फाळ पाऊस, टोइंगवाला तासाभराने येणार... मी आत शिरले आणि समोर दिसलेल्या टेबलाला टेकले.

“प्लीज, डोन्ट लीन ऑन दॅट.” टेबलाखालून आवाज आला.

“मग कुठे टेकू, तुझ्या डोक्यावर?” मी मराठीत पुटपुटले.

“स्टूल आहे ना तिकडे.” तो बाहेर आला. हातात स्क्रू ड्रायव्हर, केसांत जळमट. “डोकं अव्हेलेबल नाहीये. सॉरी.”

हा निहार. इथेच जन्मलेला, हायस्कूलमध्ये गणित शिकवणारा, शनिवारी इथे फुकट राबणारा. हसायचा तो आधी डोळ्यांनी. मी नीलांबरी – नागपूरची, वर्क व्हिसावर आलेली, गाड्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी. एवढं सगळं त्या तासात बोलून झालं. टोइंगवाला वेळेवर आला याचं मला वाईट वाटलं, तेवढं मात्र बोलले नाही.

पुढच्या शनिवारी मी चारही टायर धड असताना गेले.

ते टेबल बॉम्बर विमानातल्या नॅव्हिगेटरचं होतं आणि निहार वॉल्टर लिंडक्विस्ट नावाच्या नॅव्हिगेटरवर प्रदर्शन मांडत होता. वॉल्टर मिशिगनच्याच चेरीच्या बागांमधला, तोही गणिताचा मास्तर. तेविसाव्या वर्षी इंग्लंडला गेला. नॅव्हिगेटर म्हणजे ढगांच्या वर बसून, पेन्सिल, घड्याळ आणि होकायंत्राच्या भरवशावर, आपण नेमके कुठे आहोत ते सांगणारा माणूस. दर सहा मिनिटांनी वहीत नोंद करायची – वेळ, दिशा, वेग. १९४४च्या जुलैमध्ये, जर्मनीवरून परतताना, तो गेला.

त्याची वही हाताळायला पांढऱ्या हातमोज्यांची एकच जोडी होती. एक निहारच्या उजव्या हातात, एक माझ्या डाव्या. पान उलटायला दोघं लागायचो. दुसरी जोडी मागवायचं पाच शनिवार कुणाच्याच लक्षात आलं नाही.

सहाव्या आठवड्यात मला पार पश्चिम किनाऱ्यावरच्या रेडमंडची ऑफर आली. मोठी कंपनी, मोठं पद.

“दॅट्स अमेझिंग,” निहार म्हणाला. “जा ना. यू शुड गो.”

“तुला काहीच वाटत नाही?”

“मला? मी ठीक आहे. ऑल गुड.”

घरी येऊन मी एक कुकर उगाचच आदळला. ज्याला मी हवी आहे तो इतक्या आनंदाने निरोप देत नाही, एवढं गणित मलाही येतं. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. त्याने एकदा, फक्त एकदा, थांब म्हटलं असतं तर मी थांबले असते. म्हणून त्या शनिवारी पुन्हा गेले – काम पूर्ण करायला, असं स्वतःला सांगून.

तो भिंतीवर लावायचा मजकूर मला वाचून दाखवत होता. कमांडरने वॉल्टरच्या आईला पाठवलेलं पत्र – तोफेचा मारा अकरा चाळीसला बसला, वॉल्टर तत्क्षणी गेला. वहीतली शेवटची नोंद दहा बावन्नची.

“म्हणजे त्याआधी अठ्ठेचाळीस मिनिटं याने काहीच लिहिलं नाही?” मी विचारलं. “दर सहा मिनिटांनी लिहिणारा माणूस?”

“थंडी असेल... आय डोन्ट नो.”

माझ्या मनगटावर इथली वेळ असते, डोक्यात नागपूरची, आणि ऑफिसात गाड्यांच्या नोंदी ग्रीनिचच्या वेळेत येतात. तीन घड्याळं सांभाळणाऱ्या बाईला असलं काही खटकतंच.

“निहार, ही वही कुठल्या वेळेत लिहिलीय?”

त्याने पहिलं पान काढलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं – ग्रीनिच. पत्र मात्र इंग्लंडमधल्या तळावरच्या घड्याळाप्रमाणे. आणि युद्धाच्या त्या उन्हाळ्यात इंग्लंडची घड्याळं ग्रीनिचच्या दोन तास पुढे होती.

“ओह,” तो म्हणाला. “ओह नो.”

म्हणजे वहीच्या वेळेनुसार मारा बसला नऊ चाळीसला. आणि वॉल्टर त्यानंतर बहात्तर मिनिटं लिहीत होता.

आम्ही दोघांनी पान उलटलं. नऊ चाळीसनंतर अक्षर वाकडं झालं होतं. आम्ही ते इतके दिवस थंडीवर ढकललं होतं. नऊ शेहेचाळीसला नोंद होती, ‘पायलटने विचारलं. ठीक आहे म्हणालो.’ मग दिशा, वेग, पुन्हा दिशा. दहा बावन्नला – ‘किनारा दिसला.’ विमान पोहोचलं. बाकीचे नऊ जण जिवंत उतरले. आईला त्रास नको म्हणून कमांडरने ‘तत्क्षणी’ लिहिलं असावं.

मला रडू आलं. निहारने रुमाल शोधला, सापडला नाही, मग कागदी टॉवेलचा अख्खा रोल आणून दिला.

“लागलंय ते त्याने सांगितलं का नसेल?” मी म्हणाले.

“सांगून काय? पायलट घाबरला असता. नऊ जणांना घरी न्यायचं होतं यार.”

“बरोबर. त्याच्याकडे कारण होतं. तुझ्याकडे काय आहे?”

त्याने हातमोज्याची बोटं एकेक करून सोडवली.

“मला वाटलं... तुझं करिअर आहे. समवन यू लव्ह, त्यांना अडवायचं नसतं. दॅट्स हाऊ आय वॉज रेझ्ड.”

“आमच्याकडे एकदा तरी अडवतात. न अडवणाऱ्याला काही पडलेलं नाही, असं समजतात.”

“सीरियसली?”

“सीरियसली.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. यावेळी डोळे हसत नव्हते.

“मग नको जाऊस, नीलांबरी. मला खूप... मला नाही जमणार. आणि जायचंच असेल, तर मी येतो तिकडे. मुलांना गणित तिकडेही येत नसणार.”

मला एवढं सगळं अपेक्षित नव्हतं. मी नुसती मान हलवली. कशासाठी हलवली ते माझं मलाच कळलं नाही. पण त्याने माझा मोजा नसलेला हात धरला आणि तो सोडायची घाई कुणी केली नाही.

सोमवारी मी रेडमंडला नकार कळवायला बसले. फॉर्ममध्ये कारण विचारलं होतं. पर्याय चार – पगार, ठिकाण, दुसरी नोकरी, कुटुंब. पगार उत्तम होता, ठिकाणही बरं होतं, दुसरी नोकरी नव्हती. मी निहारला वर्ग चालू असताना फोन लावला.

“एक विचारायचं होतं,” मी म्हणाले. “कारण म्हणून ‘कुटुंब’ लिहिलं तर... चालेल?”

पलीकडे तीस मुलं गोंधळ घालत होती. मग दार लागल्याचा आवाज आला आणि गोंधळ थांबला.

“चालेल,” निहार म्हणाला. “आईला आज सांगू, की तू घरी येशील तेव्हा?”