चढावरचा लोड

गाडीचा पिकअप जातो आणि हेडलाइट लुकलुकतात, एवढंच सांगून मी गाडी जाड्याच्या गॅरेजात उभी केली. जाड्या माझा शाळेपासूनचा मित्र. आता पार वाळलाय, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

"कुठे जातो पिकअप?" बॉनेट उघडत त्याने विचारलं.

"हॉस्पिटलच्या चढावर. सपाटीला काही नाही."

"तुझ्यावर गेलीय. चढ आला की धाप."

मी हसलो. मनातून मात्र मला मोठा बिघाड हवा होता.

थंडीच्या सुरुवातीला याच गाडीतून, याच चढावरून आम्ही माझ्या बायकोला हॉस्पिटलात नेत होतो. मुलगी चालवत होती, मी मागे बायकोजवळ. तिचं ऑक्सिजनचं मशीन मागच्या सीटपाशी असलेल्या सॉकेटला लावलेलं. चढ लागला आणि गाडी ओढेना. दिवे मंद झाले. "बाबा, मशीन काढ जरा वेळ, नाहीतर इथेच अडकू," मुलगी ओरडली. मी प्लग काढला. गाडी चढली. वर पोचल्यावर मी प्लग परत लावला. तोवर त्याची गरज उरली नव्हती.

तेव्हापासून मुलगी स्टिअरिंगला शिवलेली नाही. दोन बस बदलून कामाला जाते. जेवताना मधेच थांबून "मीच म्हणाले, काढ" एवढंच बोलते. दोष गाडीचा होता असं एखाद्या जाणत्याने सांगितलं तर पोर सुटेल, अशी माझी आशा.

जाड्याने बेल्ट दाबून पाहिला, बॅटरीची टर्मिनलं घासली, अर्थिंगची वायर ओढून पाहिली, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासला. "ठणठणीत आहे रे. उगाच बदनाम करतोस बिचारीला."

"चढावर चल. मग बोल."

दिवे लागायच्या सुमाराला आम्ही निघालो. मी चालवत होतो. शेजारी जाड्याने डॅशबोर्डखालचं झाकण काढलं होतं. त्याच्या हातात चिमट्याचं मीटर होतं. वायरीला चिमटा लावला की आतून किती करंट जातोय ते कळतं. रस्ता रिकामा होता. वळण संपून चढ सुरू झाला आणि इंजिनाचा आवाज खोल गेला. समोरच्या भिंतीवरचा उजेड मंदावला, वाढला, पुन्हा मंदावला. घाई नव्हती त्यात. एका लयीत चाललं होतं.

"ही नाही... हीपण नाही..." जाड्या एकेक वायर चाचपत होता. मग एका वायरीवर चिमटा धरून थांबला. "मागच्या सॉकेटला काय लावलंयस?"

"काही नाही."

त्याने मान वळवून पाहिलं. सीट रिकामी होती.

"मग खातंय कोण?"

काचा बंद होत्या. गाडीत प्लॅस्टिकच्या कोमट नळीचा वास पसरला होता, आणि कोरड्या ओठांना लावायच्या मलमाचा.

"थांब, फ्यूजच काढतो त्याचा."

"नको!" मी म्हणेपर्यंत त्याने काढलासुद्धा. मग त्याने चिमटा पुन्हा त्याच वायरीला लावून पाहिला.

"फ्यूज माझ्या हातात आहे..." तो हळूच म्हणाला. "आणि हे उतरत नाहीये."

वर पोचलो तसं सगळं आपोआप थांबलं.

गॅरेजात परतल्यावर मी त्याला ती प्लगची गोष्ट सांगितली. मग म्हणालो, "पोरीला सांग, अल्टरनेटर खराब होता. पहिल्यापासून."

"अल्टरनेटर उत्तम आहे."

"माहीत आहे."

तो फडक्याला हात पुसत राहिला. "वहिनींच्या बाबतीत खोटं बोलायला लावतोस, लेका."

पण बोलला. दुसरा अल्टरनेटर बसवून जुना कागदात गुंडाळून घरी घेऊन आला आणि मुलीसमोर ठेवला. "हा बघ चोर. मशीन लावलं काय, काढलं काय, याने दगा दिलाच असता."

मुलीने ते जड धूड मांडीवर घेतलं. "म्हणजे आपलं काही चुकलं नाही, बाबा?"

"नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून किल्ली मागितली. मी सवयीने मागे बसलो. चढ लागला. दिवे स्थिर. इंजिन झकास.

"बघ ना, कशी चढतेय!" ती म्हणाली.

मला बोलता आलं नाही. वळणापाशीच माझा श्वास थांबला होता. मी तोंड उघडलं, छाती ताणली, आत काहीच जाईना. डोळ्यांपुढे काळोख आला. ती काहीतरी मजेदार सांगत होती, हसत होती. वर पोचल्यावर हवा परत आली.

मी काही बोललो नाही. इतक्या दिवसांनी ती हसली होती. आणि मला ते रास्तही वाटलं. प्लग माझ्याच हाताने निघाला होता.

मग ती निघाली की मी सोबत निघायचो. "पुढे बस की, मी काय ड्रायव्हर आहे तुझी?" ती चिडवायची. मी मागेच बसायचो. रोज तो चढ, रोज तेच.

काल मी आंघोळीला गेलो होतो, तेवढ्यात ती एकटीच जाऊन आली. पाणी गटागट प्यायली.

"गाडी मस्त आहे रे, बाबा. फक्त..."

"फक्त काय?"

"चढावर दम लागला. गाडी चालवताना दम लागतो का कुणाला?" ती हसली, पण ओठ निळसर दिसत होते.

खरं सांगितलं तर ती पुन्हा त्या एका वाक्यात अडकणार. नाही सांगितलं तर... रात्रभर मी शब्द जुळवत बसलो. सकाळी ती चपला घालत होती, तेव्हाही ते जुळले नव्हते.

"थांब, मी येतो," मी घाईने म्हणालो. "मागे बसतो."

ती पर्समध्ये किल्ली शोधत होती. मान वर न करता, रोजच्या आवाजात म्हणाली,

"मागे नको, बाबा. मागे जागा नाहीये."