चाळीस क्रमांकाचे मत

मंगळवार, १७ मार्च २००९. दुपारचे चार वाजून सात मिनिटे. सभागृहात मतदानास पात्र असे एकशे सतरा सदस्य हजर होते. फलकावर मते उमटली एकशे सोळा.

बाजूने अठ्ठावन्न, विरोधात अठ्ठावन्न. अध्यक्षांना निर्णायक मत द्यावे लागले आणि प्रघाताप्रमाणे ते त्यांनी आहे ती स्थिती राखण्यासाठी दिले. दगडखाणीत धूळ दाबण्याची सक्ती करणारे आणि धुळीने छाती भरलेल्या कामगारांना मोफत उपचार देणारे विधेयक पडले.

न उमटलेले मत होते ते विधेयक मांडणाऱ्या आमदाराचे. खुर्ची क्रमांक चाळीस.

त्यांना सगळे अप्पा म्हणत. सहा वेळा निवडून आलेले. त्यांच्या थोरल्या भावाने खाणीत दगड फोडून त्यांना शिकवले आणि त्याच धुळीने तो गेला, तेव्हा त्याचा मुलगा चार वर्षांचा होता. अप्पांनी पुतण्याला पोटच्या पोरासारखे वाढवले. पुढे शेजारच्या मतदारसंघातून निवडूनही आणले. विधेयक त्यांनी यापूर्वी तीनदा मांडले होते. मतदानापर्यंत ते प्रथमच पोहोचले होते.

संध्याकाळी खाणकामगार अप्पांच्या दारासमोर येऊन बसले. घोषणा कोणी दिली नाही. एका म्हाताऱ्या बाईने एवढेच विचारले, "अप्पा, केवढ्याला विकलंत आम्हाला?"

बुधवारी सकाळी अध्यक्षांनी सभागृहाच्या मार्शलला बोलावले. सभागृहातील शिस्त आणि सुरक्षा तिच्याकडे होती. यंत्र बिघडले की माणूस, याचा अहवाल त्यांना दुसऱ्या दिवशी हवा होता.

मार्शल आधी रिकाम्या सभागृहात गेली आणि चाळीस क्रमांकाच्या खुर्चीवर बसली. मेजाच्या डाव्या कडेला एक कळ. उजव्या कडेला 'होय', 'नाही' आणि 'तटस्थ' अशी तीन बटणे. वीस सेकंद घंटा वाजते. तेवढ्यात केव्हाही, कळ आणि बटण एकाच वेळी दाबून धरायचे. समोरचा छोटा दिवा लागला की मत पोहोचले. एकाने दोन खुर्च्यांची मते एकदम देऊ नयेत, म्हणून दोन्ही हात गुंतवण्याची ही योजना होती. दिवा लागला नाही, तर दहा मिनिटांत कारण लिहून दुरुस्तीची चिठ्ठी देता येते. अप्पांनी ती दिली नव्हती.

यंत्र सांभाळणाऱ्या अभियंत्याने तपासणी पुरी केली होती. यंत्र ठणठणीत होते. "चाळीसच्या 'होय'वर दाब आला होता," तो म्हणाला, "पण कळ मोकळीच राहिली."

दुपारी ती पुतण्याच्या दालनात गेली. मेजावर पुष्पगुच्छांची रास होती. शुक्रवारी त्याचा मंत्री म्हणून शपथविधी होता. खाते खाणींचेच मिळणार, असे बाहेर उभे असलेले लोक उघड बोलत होते. तो शांत होता. काकांचे वय झाले आहे, त्यांना जपून विचारा, असे त्याने आरंभीच सुचवले.

"तुमची जागा त्यांच्या डाव्या बाजूला. पूर्वीपासून?"

"नाही. गेल्या अधिवेशनात मीच मागून घेतली. काकांची सोबत."

"तुमचं मत?"

"होय. फलकावर आहे की. माझ्या बापाचं विधेयक ते, मी नाही कसं म्हणेन?"

"आणि काकांनी?"

"वाईट वाटतं सांगायला. त्यांनी हातच लावला नाही."

मार्शलने मान हलवली आणि ती उठली.

अप्पांचे घर गल्लीच्या टोकाला, दोन खोल्यांचे. ते नुकतेच बाहेरून आले होते; मार्शलसमोर दार त्यांनीच उघडले. त्यासाठी उजव्या हातातली औषधांची पिशवी आधी खाली ठेवली. घरातसुद्धा अंगात कोट होता आणि डावा हात खिशात. मेजावरच्या अर्धवट लिहिलेल्या कागदावर पितळी वजन ठेवलेले होते. काकूंनी चहा आणला. जाता जाता त्यांनी नवऱ्याच्या कोटाचे सुटलेले बटण लावून दिले, तेही असे, की तो रोजचाच परिपाठ असावा. मग त्या हलक्याच पुटपुटल्या, "तीस वर्षं राबले हो. आता म्हणे विकले गेले."

"अप्पा, बटण दाबलंत?"

"दाबलं."

"कळ?"

ते खिडकीकडे पाहत राहिले.

"मग चिठ्ठी का नाही दिलीत?"

"बाई, मी चुकलो असं लिहा आणि मोकळ्या व्हा. माझं काय, पिकलं पान."

गुरुवारी अध्यक्षांच्या दालनात तिघेच होते: अध्यक्ष, मार्शल आणि पुतण्या. अप्पांना तिने मुद्दाम बोलावले नव्हते.

"यंत्र नीट आहे," मार्शल म्हणाली. "विकला गेलेला माणूस बटणाला हात लावत नाही. अप्पांनी 'होय' दाबून धरलं होतं. सहा वेळा निवडून आलेला माणूस कळ विसरत नाही. ती त्यांना दाबता येत नाही. डावा हात गेला आहे. दार उघडायला पिशवी खाली ठेवावी लागते, कागद धरायला वजन लागतं, कोटाचं बटण काकू लावतात. तरी गेल्या अधिवेशनात त्यांची सगळी मतं उमटली. म्हणजे कळ दुसरं कोणीतरी दाबत होतं. स्वतःचं मत देऊन झालं, की उरलेल्या सेकंदांत डावीकडून हात पुढे करणारं. ती जागा मागून घेतलेली आहे."

पुतण्या हसला. "मदत करणं गुन्हा आहे?"

"नियमाबाहेरची होती, पण गुन्हा मंगळवारी ती न करण्यात झाला. तुम्हाला विधेयक पाडायचं होतं. मंत्रिपद त्यावरच ठरलं होतं. पण मतदार खाणकामगार, म्हणून स्वतःचं मत स्वच्छ हवं होतं. तुम्ही काकांचं मत वापरलंत. चुकून राहिलं असतं, तर काल तसं म्हणाला असतात. तुम्ही म्हणालात, त्यांनी हातच लावला नाही. 'होय'वरचं बोट तुमच्यापासून हातभर अंतरावर होतं."

तो कोरड्या आवाजात म्हणाला, "मला वाटलं, ते चिठ्ठी देतील. दहा मिनिटं होती त्यांच्याकडे. मी वाट बघत होतो."

हात गेल्याचे आजवर कोणालाही न सांगण्याचे कारण अप्पांनी मार्शलला आदल्या संध्याकाळीच दिले होते: पक्षाला कळले असते, तर विधेयकावर मतदान होईपर्यंतही खुर्ची टिकली नसती. चिठ्ठीबद्दल मात्र ती निघताना ते दारापर्यंत येऊन बोलले.

"चिठ्ठीत कारण लिहावं लागतं. कारण माझ्या शेजारी बसलं होतं. त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. अगदी भावाचं तोंड. वाटलं, आता दाबेल, मग दाबेल. घंटा थांबली. मग लिहायला हात झाला नाही."

"हात नव्हे, अप्पा," ती म्हणाली होती. "मन. आणि त्याची किंमत खाणीतली माणसं देणार."

"ठाऊक आहे," ते म्हणाले होते.

पुतण्याचा शपथविधी झाला नाही. अप्पांनी राजीनामा दिला. पडलेले विधेयक त्याच अधिवेशनात पुन्हा आणता येत नाही. पुढच्या अधिवेशनात दुसऱ्या सदस्याने ते मांडले आणि ते मंजूर झाले.

मधल्या काळात धुळीने दगावलेले कामगार : एकोणीस.